पास वसूल

करडीत रेल्वे नाही. गाडी पकडायची तर देव्हाडीला, म्हणजे तुमसर रोड स्टेशनवर जावं लागतं. पण रेल्वेच्या पासाबद्दल अधिकारवाणीने बोलणाऱ्यांची गावात वाण नाही, आणि त्यांत पहिला मान आमच्या काकांचा. त्यांनी सगळी नोकरी नागपूर अपडाऊन करून काढली. तिमाही पासाला महिन्याच्या पासाच्या २.७ पट पैसे पडतात, म्हणजे तीन महिन्यांत नऊ दिवस फुकट, हे ते आजही लग्नाच्या पंगतीत समजावून सांगतात.

आम्हा दोघांचं स्वित्झर्लंड ठरलं, तेही तीन-चार दिवसांचं, तेव्हा काकांनी व्हिसाची चौकशी केली नाही. थंडीचीही नाही. दरपत्रक मागितलं.

स्विस ट्रॅव्हल पास, दुसरा वर्ग, दर २०२५ चे: तीन दिवसांना २४४ फ्रँक, चार दिवसांना २९५, आठला ४१९ आणि पंधराला ४५९. काकांनी कागद उलटा करून मागे भागाकार मांडला.

“तीन दिवसाले रोजचे एक्याऐंशी, अन् पंधरा दिवसाले रोजचे साडेतीस? आठाच्या वरचे सात दिवस चाळीस फ्रँकात देऊन रायला तो! पंधराचाच घे गा.”

“काका, रजा नाही.”

“रजेचं मंग पाहू. भाव सोडू नोको.”

फ्रँक शंभराच्या वर गेलेला. चार दिवसांच्या पासाचे तीस हजारांहून जास्त होतात हे ऐकून काकांनी त्याचं धान केलं. २३६९ रुपये हमीभावाने एकेका पासाला तेरा क्विंटलच्या आसपास. ओसरीवर जरा वेळ कोणी बोललं नाही. खरेदी केंद्रावर तेरा क्विंटल धान मोजून द्यायला किती दिवस ताटकळावं लागतं, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

मग मी हाफ फेअर कार्डाचा विषय काढला. एकदा पैसे भरायचे, की महिनाभर बहुतेक सगळीकडे निम्मं भाडं. त्यावर घरातून बायकोचा आवाज आला, “अर्ध्या तिकिटासाठी आधी पैसे भरायचे? आमाले तं एसटीत असंच मिळते.” १७ मार्च २०२३ पासून मिळतंच, त्यामुळे वाद संपला. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आजीला तर एसटी संपूर्ण फुकट. तिकडे म्हाताऱ्यांना पासात सवलत नाही, सवलत पंचविशीच्या आतल्या पोरांना, हे ऐकून तिने त्या देशाचं नावच टाकलं.

खरं गणित डोंगरांपाशी अडतं. पासावर रिगी फुकट, पण युंगफ्राऊला वरच्या टप्प्यात फक्त पंचवीस टक्के सूट; हाफ फेअर कार्डावर तिथेही निम्मं. म्हणजे थोडाच प्रवास आणि एखादा महागडा डोंगर असेल तर कार्ड, आणि रोज उठून गाडी, बोट, ट्राम असं हुंदडायचं असेल तर पास. आधी डोंगर ठरवावा आणि मग पास घ्यावा, अशी शहाण्यांची रीत. आमच्याकडे चार दिवसांचा पास ठरला आणि त्याला शोभेल असा डोंगर शोधला. रिगी. १८७१ पासून दातेरी रुळावर गाडी वर चढते, त्यामुळे जुनी आणि खात्रीची आहे असं काकांचं मत पडलं.

आता वसुली. या बाबतीत काकांचा आदर्श आमच्यासमोर होता. एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही योजना १९८८ ची. तिचा सात दिवसांचा पास काढून काका एकदा कोल्हापूरपर्यंत गेले. अंबाबाईचं दर्शन मात्र झालं नाही, कारण रांगेत उभं राहिलं असतं तर पंढरपूरची गाडी चुकली असती. पंढरपुरातही तेच. विठोबाला त्यांनी स्टँडवरूनच हात जोडले. पण कुठल्या डेपोच्या कँटीनमध्ये चहात पाणी जास्त, हे त्यांना पाठ आहे.

आम्ही त्यांच्याच घराण्यातले. लुसर्नच्या तलावातली बोट पासात बसते असं कळल्यावर बायको खाली उतरेना. काठावरचं जेवण महाग आणि बोट फुकट, त्यामुळे घरून आणलेल्या तिळाच्या चटणीवर आणि पोळ्यांवर आम्ही तलाव पार केला, आणि परतही आलो. रिगीवर पोचलो तेव्हा समोर बर्फाच्या रांगा लखलखत होत्या. बायको म्हणाली, “सुंदर आहे. दुसऱ्या बाजूने उतरलं तर चालते का पासात?” चालतं. विट्स्नाऊने चढलो होतो, आर्थ-गोल्डाऊला उतरलो.

एक धोका काकांच्या लक्षात आला नव्हता. हा देश लहान आहे. आपल्याकडे गोंदियाहून विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसलं की रात्रभर झोपूनही मुंबई यायची असते. इथे जिनिव्हाला डोळा लागला तर चारेक तासांत दुसऱ्या टोकाला सेंट गॅलनला जाग येते, आणि मग वसुलीला देशच उरत नाही.

शेवटच्या रात्री झुरिचच्या हॉटेलात बूट काढून पडलो होतो. काकांचा फोन आला. करडीत तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती.

“झाला का वसूल?”

“झाला काका. आता संपला.”

“संपला कसा? त्या कागदावर मी वाचलं होतं. दिवस पहाटे पाचपर्यंत धरतात तिथं.”

फोन स्पीकरवर होता. बायकोने बूट ओढले आणि म्हणाली, “ट्राम पण पासातच आहे ना?”