मॅकमध्ये विंडोजला पोटभाडेकरू ठेवण्याची नियमावली

व्याप्ती: मुंबईतील दिंडोशी, तसेच मेट्रो ७ने रोज दिंडोशीला उतरणारे समस्त संगीतप्रेमी.

ज्या घरात नानांचा गाण्यांचा संग्रह वीसेक वर्षे एकाच विंडोज पीसीवर वाढला, त्या घराला ही नियमावली लागू होते. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची सेवा थांबवली. लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जुळवून केलेला तो पीसी विंडोज ११च्या अटींत बसेना. मग दिवाळीच्या पाडव्याला मुलीने मॅक मिनी आणला. नानांनी हळदकुंकू वाहिले, आईने त्यावर क्रोशाचे झाकण घातले (ते काढून ठेवावे, यंत्र तापते) आणि भाऊबीज उलटायच्या आत नानांनी विचारले, "यात माझी मीडियामंकी कुठे गेली?"

ती मॅकवर येत नाही. घरभर गाणी पुरवणारे हे सॉफ्टवेअर संगणकांत फक्त विंडोजवर चालते. पाठीमागे राष्ट्रीय उद्यान असलेल्या वस्तीला माकडांना घरात घेण्याचे नियम पाठ असतात, पण ते इथे उपयोगाचे नाहीत.

"नाना, गाणी काय, कुठेही वाजतील" हे वाक्य उच्चारू नये. वाजतील, पण नानांनी मीडियामंकीच्या 'कस्टम' रकान्यांपैकी पहिल्यात राग, दुसऱ्यात घराणे, तिसऱ्यात नाटक आणि चौथ्यात 'समक्ष ऐकले / नुसतेच ऐकले' असे भरून ठेवले आहे. एमपी३ फाइलींत मंकी हे रकाने आपल्याच खुणेने, टिप्पणी म्हणून लिहिते. दुसऱ्या सॉफ्टवेअरला त्यात राग दिसत नाही, बडबड दिसते. निवडक याद्या आणि कोणते गाणे किती वेळा वाजले याचा हिशेब तर तिच्या स्वतःच्या डेटाबेसात असतो. शिवाय 'कट्यार काळजात घुसली' हे १९६७चे नाटकही आहे आणि २०१५चा चित्रपटही. दोघांना एका अल्बमात कोंबणाऱ्या सॉफ्टवेअरशी नाना बोलत नाहीत. आणि 'गीतरामायण'! पुणे आकाशवाणीवर १९५५-५६मध्ये झालेली ती ५६ गीते ट्रॅक क्रमांकावाचून वर्णमालेने लावली, तर वनवास आधी आणि रामजन्म नंतर होतो. नानांनी हे सारे क्रमांक हाताने भरले आहेत. म्हणून हलवायची आहे ती नोंदवही. गाणी तिच्या मागून येतात.

आता मार्ग.

बूट कॅम्प हा सर्वांत सरळ मार्ग होता: मॅक सुरू करतानाच विंडोज निवडायचे. २००६ साली आला. २०२०च्या नोव्हेंबरात अ‍ॅपलने स्वतःची एम१ चिप आणली आणि नव्या मॅकवर हा मार्ग बंद झाला. जुना इंटेल मॅक असलेल्यांना तो अजून उघडा आहे, पण विंडोज १०पुरताच. त्यांनी आपले भाग्य शेजाऱ्यांना सांगत सुटू नये.

दुसरा मार्ग वाइनचा. विंडोज न घालताच विंडोजचे सॉफ्टवेअर चालवणारा हा प्रकल्प १९९३मध्ये सुरू झाला आणि १.० ही आवृत्ती २००८मध्ये निघाली, म्हणजे पंधरा वर्षे मुरल्यावर. चातुर्मासात स्वयंपाकघराच्या दिशेने "वाइन टाकली का?" असे मोठ्याने विचारू नये. वाइनमध्ये मंकी उघडलीच, तर देवनागरीच्या जागी कधी कधी नुसत्या चौकटी दिसतात, कारण विंडोजचा मंगल फाँट तिथे नसतो. भीमसेन जोशींच्या जागी चौकोन पाहून नानांचा रक्तदाब वाढतो. हा मार्ग तरुणांनी, एकट्याने, रात्री करावा.

तिसरा मार्ग हाच आपला मार्ग: मॅकच्या आत आभासी संगणक, त्यात विंडोज ११. असा संगणक उभारून देणाऱ्यांपैकी पॅरलल्स पैसे घेते. व्हीएमवेअर फ्यूजन २०२४पासून वैयक्तिक वापराला फुकट आहे. यूटीएमही फुकट, पण हात मळवून घ्यावे लागतात. एम-चिपच्या मॅकवर विंडोजची एआरएम आवृत्तीच चालते, आणि मंकी लिहिली आहे इंटेलसाठी. म्हणजे मॅकच्या पोटात विंडोज, विंडोजच्या पोटात इंटेलचे सोंग, त्या सोंगाच्या पोटात मंकी आणि तिच्या पोटात किशोरीताई आमोणकर. नानांना ही उतरंड समजावू नये. सोळा जीबी मेमरी असेल, तर आठ विंडोजला द्यावी आणि उरलेल्या आठात मॅकने संसार करावा.

इथवर मंकी सुरू होते, नाना टाळी वाजवतात, आणि हॉलमधल्या टीव्हीवर व अ‍ॅम्प्लिफायरवर ती दिसतच नाही.

हा या नियमावलीचा गाभा आहे. सहकारी गृहरचनेचे नियम दिंडोशीकरांना शिकवायला नकोत. मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लढून मिळवलेली नागरी निवारा परिषदेची वसाहत इथेच उभी आहे. तेव्हा प्रश्न असा मांडू: विंडोज हा मॅकच्या घरातला पोटभाडेकरू. मूळ मांडणीत त्याचे नाव लॉबीतल्या फलकावर नसते. तो बाहेर जाऊन दूध आणू शकतो, म्हणून इंटरनेट चालते आणि आपली फसगत होते. पण त्याला शोधत कुणी आले, तर वॉचमन म्हणतो, असे कुणी इथे राहत नाही. संगीत पुरवणारे सॉफ्टवेअर २३९.२५५.२५५.२५० या पत्त्यावर, १९०० क्रमांकाच्या पोर्टवर "मी आलोय" अशी घरभर हाळी देते. ती हाळी मॅकच्या उंबऱ्याआतच विरते.

उपाय: आभासी संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'शेअर्ड' काढून 'ब्रिज्ड' निवडावे. मग राउटर विंडोजला स्वतंत्र पत्ता देतो आणि फलकावर नाव लागते. तरीही काम झाले असे समजू नये. विंडोज नव्या नेटवर्कला सार्वजनिक समजून दार लावून बसतो. सेटिंगमध्ये जाऊन त्याला 'प्रायव्हेट' सांगावे. मॅकओएस सिक्वोयापासून मॅकही विचारतो की या अ‍ॅपला घरातल्या इतर उपकरणांशी बोलू द्यायचे का. हे ना-हरकत प्रमाणपत्र आहे. चहा पिता पिता 'नाही' दाबणारे बरेच असतात. टीव्ही पाहुण्यांच्या वायफायवर जोडलेला असेल, तर वरचे सगळे श्रम वाया जातात. आणि ब्रिज वायफायवर रुसतो, म्हणून केबल ओढावी. ती दाराच्या चौकटीला टाचून घ्यावी. कामाला येणाऱ्या मावशींनी ती एकदा झाडूने ओढली की हॉलमधला मारवा मध्येच तुटतो, आणि नाना दोष मॅकला देतात.

नावांचा घोळ वेगळाच. भाच्याने "तात्पुरते" म्हणून सगळा साठा मॅकच्या जुन्या पद्धतीच्या, म्हणजे एचएफएस प्लसच्या, डिस्कवर ठेवला असेल, तर पुलंची 'वाऱ्यावरची वरात' तपासावी. ती डिस्क फाइलीच्या नावातल्या ऱ चे दोन तुकडे करते: र, आणि त्याखाली नुक्ता. डोळ्यांना दोन्ही नावे एकच दिसतात, पण विंडोजला ती दोन भिन्न नावे वाटतात. यादीत पुलं आहेत, डिस्कवर पुलं आहेत, आणि मंकी म्हणते सापडत नाहीत. 'तऱ्हा', 'दऱ्या', 'वाऱ्या' अशा सर्व नावांवर हे संकट येते. फाइल विंडोजच्या डिस्कवर आणून नाव तिथे पुन्हा टंकावे. त्याचप्रमाणे फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह किंवा विसर्गासारखे दिसणारे कोलनचे टिंब ठेवू नये. विंडोजला ते चालत नाही. 'राग यमन: विलंबित' ऐवजी मध्ये आडवी रेघ द्यावी. साठ्याची डिस्क थेट विंडोजलाच जोडावी, कारण मंकी डिस्कची ओळख धरून बसते. ओळख बदलली की सगळा संग्रह राखाडी पडतो, आणि मग हरवलेल्या फाइली शोधण्याची आज्ञा देऊन दुपारभर बसावे लागते.

झोपेविषयी. मॅक झोपला की विंडोज झोपतो, विंडोज झोपला की सकाळी सहाचे नाट्यगीत झोपते. मॅकच्या टर्मिनलमध्ये 'कॅफिनेट' नावाची आज्ञा आहे, ती जागरणासाठीच केली आहे. विंडोज मात्र जागा असला तरी अपडेटसाठी मध्येच स्वतःला बंद करून घेतो. त्याला 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' सांगता येतात, जास्तीत जास्त अठरा तास. पहाटे पाच ते रात्री अकरा हे दिंडोशीच्या घराला पुरतात. रात्री बिबट्या आणि अपडेट, दोघांनाही मोकळे सोडावे.

शेवटी एक जण येईल. बहुधा भाचाच. तो म्हणेल, जेलिफिन मॅकवर सरळ चालते, नॅव्हिड्रोम चालते, लिरियन चालते, हा एवढा खटाटोप कशाला? त्याच्याशी वाद घालू नये. दिवाणी व सत्र न्यायालय दिंडोशीतच आहे, हे त्याला नम्रपणे सांगावे. मग त्याला नानांशेजारी बसवून पहिला आणि दुसरा रकाना नव्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने भरायला द्यावा. पहिल्याच गाण्याला नाना विचारतील की हा मिश्र खमाज की मिश्र पिलू. उत्तर देण्यापूर्वी भाच्याला ऑफिसचा फोन येईल. तोवर नानांच्या डेटाबेसची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावी.