आधी नांदेड की आधी लातूर?

१ मार्च २०२४ ला पुणेरी पलटणनं हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं पाडून प्रो कबड्डी जिंकली, तेव्हा आमच्या गल्लीतही लवंगी फुटल्या. "आपण जिंकलो!" आपण? कर्णधार अस्लम इनामदार नगर जिल्ह्यातला, बचावातला शादलू इराणचा, प्रशिक्षक बी. सी. रमेश कर्नाटकचे आणि अंतिम सामना हैदराबादेत. पुण्याचं त्यात नाव तेवढं. नांदेडहून हैदराबाद तर पुण्यापेक्षा जवळ, म्हणजे तसा आमचाच वाटा जास्त निघतो. पण मराठवाड्याला 'आपण' हा शब्द कायम भाड्यानंच आणावा लागतो.

त्याच वर्षी युवा कबड्डी सिरीजमध्ये आम्हाला एकदाचे स्वतःचे संघ मिळाले. नांदेडचा 'चंबळ चॅलेंजर्स', लातूरचा 'विजयनगर वीर्स'. गोदावरी आणि मांजरा त्या दिवशी रजेवर असाव्यात.

बास्केटबॉलमध्ये तर तेवढंही नाही. २०१५ ला सुरू झालेल्या यूबीए लीगमध्ये मुंबई होती, पुणे होतं. पुण्याच्या संघाचं नाव 'पेशवाज', दुसरं काय असणार! दोन-तीन वर्षांत ती लीगच बसली. त्यामुळे छोट्या गावाच्या संघाचं उदाहरण म्हणून अमेरिकेतलं ओक्लाहोमा सिटी घ्यावं लागतं. वस्ती २०२० च्या जनगणनेत ६ लाख ८१ हजार. आमची दोन गावं मिळून २०११ च्या जनगणनेतच नऊ लाखांच्या वर होती. १९३० च्या दशकात धुळीच्या वादळांनी ओक्लाहोमा राज्यातली माणसं संसार गाडीत घालून कॅलिफोर्नियाला गेली. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. सोयरीक जुळावी इतकं साम्य.

ओक्लाहोमा सिटीच्या 'थंडर' संघानं २२ जून २०२५ ला इंडियाना पेसर्सला सातव्या सामन्यात १०३-९१ असं हरवून एनबीए जिंकली. साखळीत ८२ पैकी ६८ सामने खिशात. हाच संघ डिसेंबर २०२१ मध्ये मेम्फिसकडून ७३ गुणांनी हरला होता, एनबीएच्या इतिहासातला सगळ्यात मोठा पराभव! आमच्याकडं त्या रात्री पुतळा जळाला असता, सकाळी बंद आणि दुपारी चौकशी समिती. त्यांनी प्रशिक्षक मार्क डेग्नॉल्टला तसाच ठेवला. चषक घेताना तोच उभा होता.

त्याआधी, २०१९ मध्ये, त्यांच्या सॅम प्रेस्टी नावाच्या कारभाऱ्यानं पॉल जॉर्ज हा भरात असलेला खेळाडू देऊन टाकला आणि बदल्यात विशीतला शे गिल्जस-अलेक्झांडर घेतला, वर पुढच्या काही वर्षांत नवे खेळाडू निवडताना पहिल्या फेरीतल्या पाच निवडींचा हक्क. उभा बैल देऊन गोऱ्हा घेतला आणि पुढच्या पाच वेतांचा शब्द लिहून घेतला! हाळीच्या गुरांच्या बाजारात असा सौदा करणाऱ्याला घरचे आठवडाभर जेवायला वाढणार नाहीत. मधली दोन वर्षं संघ नुसता हरत होता. २०२५ ला मात्र तोच गोऱ्हा स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला, अंतिम फेरीतलाही.

आता फार हुरळायचं कारण नाही. हा संघ मुळात त्यांचा नव्हेच, २००८ ला सिअ‍ॅटलहून उचललेला. आणि तो गावात टिकावा म्हणून डिसेंबर २०२३ मध्ये लोकांनी मतदान करून स्वतःवर सहा वर्षं एक टक्का विक्रीकर लावून घेतला. नवं क्रीडागृह किमान ९० कोटी डॉलरचं, त्यात अब्जाधीश मालकांचा वाटा ५ कोटी. ७१ टक्के लोक हो म्हणाले. गणपतीची शंभराची पावती फाडताना आपण मंडळाचा हिशेब मागतो, एवढंच नमूद करतो.

तरी समजा, आमच्या दोन गावांच्या संघालाही मालक मिळाला, पैसा मिळाला. संघाचं मुख्यालय कुठं? महसूल आयुक्तालय नांदेडला द्यायचं सरकारनं २००९ मध्ये ठरवलं, लातूर रस्त्यावर उतरलं आणि आयुक्तालय अजून छत्रपती संभाजीनगरलाच आहे. लातूरची मुंबई गाडी २०१७ मध्ये बिदरपर्यंत नेली तेव्हाही हेच. डबे तेच, मुंबई तीच, फक्त गाडी आमच्या गावात मुक्कामी राहिली पाहिजे. मैदान मधोमध अहमदपूरला करावं, तर उदगीर म्हणणार, आधी आम्हाला जिल्हा द्या, मग चेंडू टाका. ओक्लाहोमातही हे होऊन गेलंय. १९१० मध्ये राजधानी गथ्रीहून ओक्लाहोमा सिटीला हलवली, राज्याचा शिक्का म्हणे रातोरात उचलून आणला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, १९११ मध्ये निकाल लागला, विषय संपला. एका वर्षात! आमच्याकडं तेवढ्यात समितीला खुर्च्या येत नाहीत.

आणि खेळाडू? सहा फुटी पोरगा दहावीपर्यंत रिंगखाली दिसतो. अकरावीला तो लातूरला जातो, नांदेडचा असला तर नांदेडातच नाव घालतो, आणि तिथून पुढं उडी फक्त नीटच्या गुणांची. आमची खरी व्यावसायिक लीग हीच. तिच्यात निवड आहे, फी माफ करून पोरं फोडणं आहे, रिपीटर नावाचे राखीव खेळाडू आहेत आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी चौकाचौकात विजेत्यांचे फलक आहेत. एकच पोरगा तीन क्लासच्या फलकांवर, म्हणजे एका हंगामात तीन संघांकडून विजेता. हे गिल्जस-अलेक्झांडरलाही जमलेलं नाही.

असो. कुणी मालक पुढं आलाच तर संघाचं नाव तयार असलेलं बरं. वाचकांनी सुचवावं. चंबळ सोडून कुठलीही नदी चालेल. आधी नांदेड लिहायचं की आधी लातूर, हे मात्र आम्हाला विचारू नये, हे सदर दोन्ही जिल्ह्यांत वाचलं जातं.