एडिसनहून आलेला पाहुणा

माझा भाचा न्यू जर्सीतल्या एडिसन गावात राहतो. घर बदलताना जुना डेस्कटॉप टाकून द्यायला त्याचा जीव होईना, म्हणून एका मित्राच्या सामानातून त्याने तो इकडे धाडला. "मामा, तुम्हाला टायपिंगला होईल." फुकट आलेल्या वस्तूला नको म्हणायची आमच्या घराण्यात रीत नाही. ताई मुंबईला जाऊन पेटी घेऊन आली. केळवे रोडला डहाणू लोकलमधून उतरल्यावर गावापर्यंतच्या रिक्षातही तिने ती मांडीवरून खाली ठेवली नाही.

पेटी उघडताना निम्मी आळी हजर होती. कॅबिनेटच्या पाठीमागे, पंख्याच्या जाळीशेजारी, नखाएवढं लाल बटण. त्यावर आकडा 115. तारापूरच्या अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेले आमचे शेजारी भाऊ चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "प्लगला कुणी हात लावायचा नाही. आधी हे 230 वर न्या, नाहीतर दिवाळी आजच."

भाऊ उगाच घाबरवत नव्हते. आतल्या सर्किटला साधारण सव्वातीनशे व्होल्टचा डीसी लागतो. बटण 115 वर असलं, की ते आलेलं व्होल्टेज दुप्पट करून घेतं. त्याला आपले 230 दिले तर तेही ते इमानेइतबारे दुप्पट करतं, साडेसहाशेच्या घरात जातं, आणि कॅपॅसिटर फुटतात. उलट, बटण 230 वर ठेवून तोच डबा अमेरिकेत लावला तर तो नुसता मख्ख बसतो. नव्या मशिनांना बहुधा हे बटणच नसतं. 100 ते 240, जे मिळेल ते त्यांना चालतं.

अमेरिकेत 110 च्या आसपासचा आकडा रुजवला तो थॉमस एडिसनने, आणि त्याची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा होती भाच्याच्याच गावात. गावाचं नावही त्याच्यावरूनच. 1882 साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून त्याने 110 व्होल्टचा डीसी घरोघरी द्यायला सुरुवात केली. पुढे डीसी गेला, आकडा थोडा वाढून तिथेच राहिला.

एवढं ऐकल्यावर आमच्या सौ.ना शंका आली. "भाऊ, तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्याही अमेरिकेच्याच ना? त्यांच्या पाठीमागे होतं का असलं बटण?"

भाऊ हसले नाहीत. नोकरीच्या विषयावर ते हसत नाहीत. "वहिनी, जनरल इलेक्ट्रिकच्या त्या. 1969 साली सुरू झाल्या. पण वीज पन्नास सायकलचीच. अमेरिकेची साठ सायकल अमेरिकेत. इथल्या ग्रिडला जोडायचं तर इथल्या तालावर फिरावं लागतं."

वायरमनने पालघरहून तीन गोल पिनांची वायर आणली आणि मशिन सुरू झालं. खरी गंमत संध्याकाळी. पानवेलींच्या आणि भाजीच्या वाड्यांतले पंप एकदम लागतात, मग ट्यूब पेटावं की नाही याचा विचार करत बसते आणि पंख्याची पाती मोजता येतात. दिवसभर परक्या मुलखात बिचकलेल्या त्या कॉम्प्युटरला अशा वेळी माहेरी आल्यासारखं वाटत असणार. "अजून जरा उतरलं, की बटण परत 115 वर न्यायचं का?" असं वायरमननेच विचारलं, तेव्हा भाऊ उठून घरी गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही मुकाट स्टॅबिलायझर घेतला.

टायपिंग अद्याप झालेलं नाही. मशिनच्या पोटातल्या बटणसेलवर घड्याळ अजून एडिसनचीच वेळ दाखवतं, आणि ताई ते बदलू देत नाही. लेकाला फोन करण्याआधी ती आमच्याकडे येते, स्टॅबिलायझर लावते, मशिन चालू करते आणि ते जागं होईपर्यंत चहा घेते. साडेनऊ तास वजा कर म्हणून मी एकदा सांगून पाहिलं.

"काही नको," ती म्हणाली. "हिवाळ्यात ते लोक साडेदहा करतात."