मामाची सही

आपल्याकडे पोराचं जावळ काढायचं ते मामाच्या मांडीवर, कान टोचायचे तेही मामाच्या मांडीवर, आणि बोहल्यावर चढला की पाठीशी पुन्हा मामाच. शास्त्राने चौथं काम लिहिलं नाही, कारण तेव्हा बँका नव्हत्या. भाच्याच्या कर्जाला जामीन राहणे, हे ते काम. ‘मामा बनवणे’ हा वाक्प्रचार मराठीत कुठून आला, यावर विद्वानांनी उगाच डोकं खाजवू नये. पुरावा माझ्याकडे आहे, सहीसकट.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन मला चारच महिने झाले होते. ताईचा मुलगा पेढ्यांचा पुडा घेऊन आला आणि वाकून पाया पडला. तिथेच ओळखायला हवं होतं. इंजिनियर झाला तेव्हासुद्धा तो वाकला नव्हता.

“मामा, नोकरी सोडली. लाकडी घाण्याचं तेल काढतोय.”

आमच्या तालुक्यात धंद्यांची साथ येते. आधी मिसळीची आली, मग कोपऱ्याकोपऱ्यावर अमृततुल्य उगवलं. आता घाण्याची पाळी असावी. मी विचारलं, “बैल कुठे बांधणार?”

“बैल नसतो हो मामा. मोटर असते. फक्त उखळ लाकडाचं.”

घाण्याला बैल लागत नाही हे मला त्या दिवशी कळलं. कर्जाला लागतो, हे नंतर.

मग त्याने मला नारायण मूर्ती सांगितले. कर्ज काढणारा प्रत्येक पोरगा ते सांगतो. १९८१ साली सुधाताईंकडून १०,००० रुपये घेतले आणि इन्फोसिस उभी केली! खरंच आहे. फक्त त्या व्यवहारात सुधाताईंनी तीन दुकानांची कोटेशनं, भाडेकरार आणि दोन पासपोर्ट फोटो मागितल्याचं कुठे ऐकिवात नाही. त्याही आधी लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव सोडावं लागलं, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळचं माळरान दिलं आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. राजेसाहेबांनी सिबिल स्कोअर काढला नव्हता. काढला असता, तर आजही तिथे निवडुंगच असता.

भाच्याने आधी अर्थातच सबसिडीची चौकशी केली होती. धंदा काय करायचा हे आपल्याकडे मागाहून ठरतं. पहिला प्रश्न ‘सबसिडी किती?’ पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात खेड्यातल्या सर्वसाधारण गटाला २५ टक्के, विशेष गटाला ३५. पण ही रक्कम हातात पडत नाही, तीन वर्षं बँकेतच ठेव होऊन बसते. म्हणजे काचेआडचं दर्शन. भाच्याला प्रसाद हवा होता. म्हणून गाडी मुद्रा योजनेकडे वळली.

२०१५ च्या एप्रिलात सुरू झालेल्या या योजनेत कर्जांची नावं माणसाच्या वयावरून ठेवली आहेत. ५०,००० पर्यंत शिशु, पुढे ५ लाखांपर्यंत किशोर, १० लाखांपर्यंत तरुण. त्यानंतर प्रौढ आणि मग वानप्रस्थ येईल अशी माझी समजूत होती. पण २०२४ मध्ये २० लाखांपर्यंतची पायरी आली, ती ‘तरुण प्लस’. ती मिळते आधीचं तरुण कर्ज फेडून मोकळं झालेल्यांना. कर्ज फेडलेला माणूस तरुण राहतो, हा दिल्लीचा अनुभव असेल. आमच्याकडे निदान केस तरी जातात.

भाचा जन्मतःच तरुण होता. शिशूत मशीन बसत नाही म्हणाला.

कागद जमू लागले. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. ती त्याने एका ओळखीच्याकडून १,५०० रुपयांत करून घेतली. मग फूड लायसन्स, शॉपॲक्ट, आणि या सगळ्याचा मुकुटमणी म्हणजे प्रोजेक्ट रिपोर्ट. सीएच्या ऑफिसातून तो २२ पानांचा होऊन आला. पहिल्या वर्षी क्षमतेच्या ६० टक्के उत्पादन, दुसऱ्या वर्षी ७०, तिसऱ्या वर्षी ८०. पाऊस पडो न पडो, रिपोर्टातला धंदा दरवर्षी न चुकता वरच्या इयत्तेत जातो. आयुष्यभर खात्यातली अंदाजपत्रकं तपासल्यामुळे मला पान वाचल्याशिवाय उलटता येत नाही. नवव्या पानावर थबकलो. ‘अपेक्षित मरतुक : ४ टक्के.’

“अरे, तेलाच्या घाण्यात मरतं कोण?”

त्याने फोन लावला. दोन मिनिटं हं हं केलं. मग म्हणाला, “आधीचा रिपोर्ट पोल्ट्रीचा होता मामा. ती ओळ खोडली की खालचे सगळे आकडे हलतात. राहू द्या म्हणाले.”

राहू दिली. रिपोर्ट तसाच बँकेत गेला आणि तसाच मंजूर झाला.

बँकेतले साहेब फार गोड बोलणारे. “तारण अजिबात नको. योजनाच विनातारण आहे. फक्त सहीला एखादे पेन्शनर असले, तर बरं.”

मी म्हणालो, “म्हणजे तारणच की!”

“छे हो! तारण म्हणजे वस्तू. तुम्ही माणूस.”

मला माणूस म्हणून इतक्या आदराने खात्यात तेहेतीस वर्षांत कोणी वागवलं नव्हतं. पेन काढलं. एकूण चौतीस सह्या झाल्या. बाविसाव्या सहीपर्यंत सही माझी होती. पुढच्या बारा कोणाच्या आहेत हे मला कोर्टातही सांगता येणार नाही. घरी येऊन १८७२ चा करार कायदा उघडला. कलम १२८ : जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. म्हणजे बँक भाच्याच्या दारात जायच्या आधी माझ्या दारात येऊ शकते. कायदा इंग्रजांचा; पण लिहिताना मराठी मामा त्यांच्या डोळ्यांपुढे असावा.

उद्घाटन झकास झालं. चौकात फ्लेक्स लागला. भाच्याच्या कार्डावर ‘फाउंडर अँड सीईओ’ छापलं होतं. ताई सकाळी सहापासून शेंगदाणे निवडते, तेल गाळते, बाटल्यांना लेबलं चिकटवते. तिच्या कार्डावर काही नाही. तिला कार्डच नाही.

घाण्याचा हिशेब ऐकायला सोपा. अडीच-तीन किलो दाणे घातले की किलोभर तेल, उरते ती पेंड. पेंडीचं गिऱ्हाईक रोख मोजून जातं, म्हशीच्या तब्येतीचा प्रश्न असतो. तेलाचं गिऱ्हाईक आधी ‘शुद्ध आहे का’ विचारतं, बाटली उघडून वास घेतं, ‘आमची आजी हेच वापरायची’ म्हणतं, किंमत ऐकतं, आणि शेजारच्या किराणा दुकानातून रिफाइंडची पिशवी घेऊन घरी जातं. नातेवाईक तसे निष्ठावान. ते फक्त सँपल नेतात, दर महिन्याला. सहा महिन्यांत निम्मं गिऱ्हाईक गळालं. चार टक्के मरतुक सीएने फारच कमी धरली होती.

सहा महिने मोरेटोरियम होता. भाच्याला वाटलं, बँकेने माफ केले. हप्ता थांबला होता, व्याज कशाला थांबेल? १० लाखांवर ११ टक्क्यांनी ते महिन्याला ९,१६७ रुपये पावलं टाकत त्या घाण्याभोवती फिरत होतं. अखेर एक बैल होताच म्हणायचा. सातव्या महिन्यापासून हप्ता सुरू झाला, तो २१,७०० च्या वर. आणि माझ्या मोबाईलवर मेसेज आला : ‘प्रिय ग्राहक’. मी ग्राहक कधी झालो?

हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए होतं. ब्याऐंशीव्या दिवशी ताई पुरणपोळ्या घेऊन आली. सणवार काही नव्हता. मी पोळी खाल्ली, वर तूप घेतलं, आणि चेकबुक मागवलं.

त्यानंतर मात्र हप्ते वेळेवर जाऊ लागले. मी चकित. तेल खपायला लागलं का? तर नाही. भाच्याला खरा धंदा सापडला होता. ‘विनातारण कर्ज कसे मिळवावे : एकदिवसीय कार्यशाळा. शुल्क ४९९, चहा-जेवणासह.’ दर दुसऱ्या रविवारी मंगल कार्यालयाच्या वरच्या हॉलमध्ये साठ-साठ पोरं येतात. प्रत्येकाला एक फाईल, त्यात २२ पानांचा नमुना रिपोर्ट (नववं पान मी मुद्दाम पाहिलं, आहे तसंच आहे) आणि घाण्याच्या तेलाची छोटी बाटली भेट. तेवढंच तेल उठतं.

गेल्या रविवारी त्याने मलाही नेलं. शाल दिली, नारळ दिला. माईकवर म्हणाला, “माझ्यावर पहिला विश्वास टाकणारे माझे पहिले इन्व्हेस्टर, आमचे मामा!” हॉल टाळ्यांनी दणाणला. मीही जरा ताठ बसलो.

जेवणाच्या सुट्टीत तीन पोरं ताटं घेऊन माझ्या टेबलापाशी आली. तिघंही वाकून पाया पडली. त्यातला एक शेजारी बसला, माझ्या पानात जिलबी वाढली आणि अगदी आपुलकीने म्हणाला, “मामा, तुमची पेन्शन कुठल्या बँकेत जमा होते?”