वर बघून चला

आमच्या सास्तूरचा माणूस पाहुण्याच्या घरी गेला की उंबऱ्यात चपला काढतो आणि आधी छताकडे बघतो. मुलगी बघायला गेला तरी तेच. आमच्या काकांनी काकूचं नाव विचारायच्या आधी तिच्या वडिलांना स्लॅबमध्ये सळई किती घातली ते विचारलं होतं. काकू हे दर सणाला ऐकवते.

कारण 30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन करून लोक झोपले आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भुई हलली. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत मिळून सुमारे 10 हजार माणसं गेली. त्यावर विनोद होत नाही. पण घरांवर जरूर बोलावं, कारण बहुतेक माणसं घरांखालीच गेली. रुंद दगडमातीच्या भिंती, वर लाकडी माळवद, त्यावर पांढरी माती. पावसात गळू नये म्हणून घरचा कर्ता दरवर्षी आणखी एक थर चढवायचा. कर्ता जितका दक्ष, तितकं डोक्यावरचं ओझं जास्त! आणि तेव्हाच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याचा. 2002 साली नकाशा बदलला, आम्ही झोन 3 मध्ये गेलो. बढतीला नऊ वर्षं लागली, म्हणजे सरकारी हिशेबानं वेळेवरच.

पुढे पत्र्याची शेडं आली, मग नवी घरं. घर भूकंप सोसेल असं बांधता येतं, पण पलंगाच्या वर काय ठेवायचं ते घरवाल्यांच्या हाती. आमच्या काकूच्या माळ्यावर पितळी हंडे, पाटा-वरवंटा आणि जुन्या मिक्सरचे दोन सांगाडे आहेत. बरोबर खाली काका झोपतात. "पडलं तर?" म्हटलं, की काकू म्हणते, "आजवर पडलंय का?" माळवदाबद्दलही लोक हेच म्हणायचे.

आजीनं मात्र कारभार हाती घेतला. हंडे खाली आले. कपाट भिंतीला खिळवलं. दाराची आतली कडी अंधारात चाचपून काढायची परीक्षा प्रत्येकाची झाली. जावई नापास झाले. उशाला बॅटरी, पायाशी चपला, कारण पळताना काचेवर पाय पडला की शूराचाही लंगडा होतो. मग माणसं वाटून दिली. आईनं धाकटीला उचलायचं, मी आजीला. काकांच्या वाट्याला शेजारचे तात्या, कानानं पार गेलेले.

"आणि मला कोण उचलणार?" काकांनी विचारलं.

"तुला कशाला? तू चालता-फिरता हायस," आजी म्हणाली. "तात्याला हाक ऐकू येत न्हाई. हलवावं लागतंय."

काकांनी हे भलतंच मनावर घेतलं. मध्यरात्री सराव म्हणून ते तात्यांची बाज हलवू लागले. पहिल्या रात्री तात्या खरोखरच भूकंप झाला समजून धोतर सावरत चौकापर्यंत पळाले, आणि तिथून काकांना 'बाहेर ये!' म्हणून ओरडत राहिले. निम्मी गल्ली उठून अंगणात आली. आजीनं मोजदाद करून पाहिली. सगळे होते, जावई सोडून. ते आतून कडी शोधत होते.