दिवसा चालतंय ना?

वसमतच्या एखाद्या गल्लीत भिंतीला शिडी लावलेली आहे आणि शिडीवर नुसते दोन पाय दिसताहेत, तर ते पाय कॅमेरेवाल्याचे समजावेत. वरचा माणूस पत्र्याखाली गेलेला असतो. दातात कटर, खांद्याने कानाला दाबलेला मोबाइल, आणि सेनगावच्या गिऱ्हाइकाला "पाचच मिनिटांत आलो" हे आश्वासन. वसमत आणि सेनगावच्या मध्ये अख्खा हिंगोली जिल्हा आहे, हे दोघांनाही ठाऊक असतं.

हा आधी डिशच्या छत्र्या बसवायचा, मग इन्व्हर्टर विकायचा. आता त्याच्या बोलण्यात 'पीओई' आलं आहे. म्हणजे पॉवर ओव्हर इथरनेट. एकाच तारेतून चित्र येतं आणि त्याच तारेतून कॅमेऱ्याला वीज जाते. "शेठ, वेगळा प्लग नको, वेगळी वायर नको," असं सांगताना त्याचा चेहरा कीर्तनकारासारखा होतो.

माझ्या मामाच्या हळदीच्या गोदामात त्याने असे आठ कॅमेरे बसवले. सात गुणी निघाले. आठवा मागच्या भिंतीवरचा, पोत्यांच्या थप्पीवर नजर ठेवणारा. तो दिवसभर डोळे उघडे ठेवी आणि दिवेलागणीला मिटून घेई. चोराच्या सोयीचा इतका विचार दुसऱ्या कुणी केला नसेल.

तक्रार केली की कॅमेरेवाला येई, पण सकाळी अकराला. मोबाइलवर चित्र स्वच्छ.

"दिवसा चालतंय ना, शेठ?"

"दिवसा मी असतो की इथं!" मामा म्हणत.

मग निदान सुरू होई. पहिल्या दिवशी दोष उंदराचा. दुसऱ्या दिवशी कोळ्याचा. तिसऱ्या दिवशी लाईट कमीजास्त होण्याचा. चौथ्या दिवशी मामांच्या मोबाइलचा. दोष त्याच्या स्वतःच्या कामात असेल, हा विचार यादीत नव्हताच. तारेची टोकं कापून तो नवे कनेक्टर बसवी. आठ बारीक तारा बोटांनी सरळ करत ओठांतल्या ओठांत "ऑरेंज व्हाइट, ऑरेंज, ग्रीन व्हाइट, ब्लू..." असा जप चाले. मग टेस्टर लावी. एक ते आठ दिवे ओळीने लुकलुकत. "बघा, सगळे ओक्के!" पण तो टेस्टर नुसती हजेरी घेतो, अभ्यास तपासत नाही. तार तुटलेली नाही एवढंच तो सांगतो. तिला भार पेलतो का, हे त्याला कळत नाही.

शेवटी मामांनी त्याला रात्री जेवायलाच बोलावलं. आठ वाजता कॅमेरा त्याच्या डोळ्यांदेखत गेला, आला, पुन्हा गेला. मग मात्र गडी शहाण्यासारखा वागला. कॅमेरा खाली काढला, तारांना वीज पुरवणाऱ्या स्विचशेजारी आणला आणि हातभर तारेने जोडला. खोक्यात घालून अंधार केला. कॅमेरा ठणठणीत! म्हणजे कॅमेरा चांगला, स्विच चांगला, रोग मधल्या तारेत.

अंधार पडला की कॅमेऱ्यातले इन्फ्रारेड दिवे लागतात आणि त्याची भूक वाढते. वीज मात्र वाटेत गळते. पीओईच्या 2003 सालच्या मूळ मानकातच स्विचने 15.4 वॅट द्यायचे आणि कॅमेऱ्याने 12.95 मिळतील असं धरायचं, असा हिशेब आहे. मामा लगेच म्हणाले, "म्हणजे तूट!" हळदीच्या व्यापाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पण ही तूट शंभर मीटर चांगल्या तारेसाठी धरलेली. तारेच्या सालीवर मीटरचे आकडे छापलेले असतात. मामांनी चष्मा लावून वाचले. एका टोकाला 12, दुसऱ्याला 148.

"एकशे छत्तीस मीटर कामून टाकलं रे?"

"शंभर पुस्तकात असतंय, शेठ. आपल्याकडं दीडशे चालतंय."

मामा काही बोलले नाहीत. हळकुंड मोडून आतला रंग पाहण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी तारेचं टोक सोललं आणि लाल धातूवर चाकूचं पातं घासलं. आतून पांढरं ॲल्युमिनियम निघालं.

"वरून तांबं, आत जर्मन!"

कॅमेरेवाल्याने पत्र्याकडे पाहिलं. म्हणाला, "बॉक्सवर कॉपरच लिहिलंय, शेठ."

दुसऱ्या दिवशी त्याने मध्यावरच्या मुनीमजींच्या खोलीत एक छोटा स्विच बसवला आणि दोन्हीकडे अस्सल तांब्याची तार ओढली. आठवा कॅमेरा तेव्हापासून रात्रभर जागतो. जुनी तार त्याने नीट गुंडाळून मोटरसायकलला अडकवली. "कुठं टाकतोस?" असं मामांनी विचारलं, तेव्हा त्याचा फोन वाजला आणि तो पाच मिनिटांत सेनगावला पोचणार होता.

तेव्हा सेनगावकरांनो, तार भिंतीवर चढण्याआधी तिचं टोक एकदा चाकूने खरवडून पाहा. आणि कॅमेरेवाल्याला पैसे द्यायचे ते दिवे लागल्यानंतरच द्या.