विटेकडे बघणारी बाई

व्याख्यान चालू असताना भिंतीकडे बघत बसणाऱ्याला आमच्या शाळेत बाकावर उभं करत. १९०७ साली रोमन फोरम या प्राचीन रोमच्या चौकात आमचे मास्तर नव्हते, हे इतिहासाचं नशीब. व्हेस्टा या अग्निदेवतेच्या पुजारिणींच्या वाड्यात व्याख्यान चाललं होतं आणि श्रोत्यांतल्या एस्थर व्हॅन डेमन या अमेरिकन बाईंची नजर गेली एका बुजवलेल्या दाराकडे. दारात भरलेल्या विटा आजूबाजूच्या विटांशी जुळत नव्हत्या. तुम्ही-आम्ही म्हणालो असतो, गवंड्याला माल कमी पडला असेल. बाईंनी त्यापायी उरलेली तीस वर्षं घालवली.

१८९८ मध्ये शिकागोला लॅटिनची डॉक्टरेट मिळवलेली बाई. एवढं व्याकरण घोकून शेवटी हातात काय आलं, तर मोजपट्टी! विटेची जाडी मोजा, दोन विटांमधली दरज मोजा, चुन्याचा रंग बघा. साम्राज्य उतरणीला लागलं तशी वीट बारीक आणि दरज जाड होत गेली, असा ढोबळ हिशेब. (ज्यांनी घर बांधलंय त्यांना यात नवल वाटायचं नाही.) १९१२ मध्ये त्यांनी विटांनी मढवलेल्या रोमन काँक्रीटच्या इमारतींचं वय काढायची रीतच लिहून काढली. नुसत्या जाडीवर विसंबू नका, असं पुढच्या अभ्यासकांनी बजावलं. तेही बरोबरच, पाडलेल्या घराच्या विटा नव्या भिंतीत खपवणारे काटकसरी लोक रोममध्येही होतेच.

तरीही पाटीपेक्षा वीट खरी. रोममधल्या पँथिऑन या प्राचीन देवळाच्या कपाळावर ठसठशीत अक्षरांत लिहिलंय, हे अग्रिपा या रोमन सेनापतीने बांधलं. आतल्या विटांवरचे शिक्के मात्र निघाले अग्रिपा गेल्यानंतर शंभरावर वर्षांनी भाजलेल्या विटांचे. श्रेय एकाचं, माल दुसऱ्याचा.

पुढे टॉमस ॲशबी या इंग्रज अभ्यासकासोबत बाई जलसेतूंच्या मागे रानोमाळ हिंडल्या. त्यांवरचं पुस्तक आलं १९३४ मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर. १९३७ मध्ये त्या रोममध्येच वारल्या. अर्धवट राहिलेलं बांधकामावरचं लिखाण मॅरियन ब्लेक या अभ्यासक बाईंनी तडीला नेलं आणि १९४७ मध्ये छापून आणलं.

हे सगळं वाचून मी रोमला गेलो. पँथिऑनमध्ये माणसं माना मोडेपर्यंत घुमट बघत होती. मी मागच्या बाजूला जाऊन भिंतीला नाक लावून दरज शोधत उभा. बायको आली, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “चष्मा कपाळावर आहे.”